मणाचा तोळा

आमच्या लहानपणी शाळेत वजनांची कोष्टके पाठ करून घेत असत. पाच तोळ्यांचा छटाक, सोळा छटाकांचा शेर, चाळीस शेरांचा मण. सकाळच्या प्रहरी सारा वर्ग एका सुरात ती म्हणे. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने आली आणि आपली घोकंपट्टी फुकट गेली असे आम्हांला वाटले. शेर गेला, मणही गेला. तोळा तेवढा सराफकट्ट्यावर तग धरून राहिला. इतक्या वर्षांनी ती कोष्टके मी पुन्हा बाहेर काढली, ती एका फोनासाठी.

हा फोन माझा आहे आणि तो अतिशय लहान आहे. ज्याला शासकीय मराठीत भ्रमणध्वनी आणि घरोघरच्या मराठीत मोबाईल म्हणतात, तीच ही वस्तू. पण लांबी सात सेंटिमीटर, रुंदी तीन सेंटिमीटरांच्या आत आणि जाडी एका बोटाची. सदऱ्याच्या खिशात घातला तर खिसा लोंबत नाही. धोतराच्या कनवटीला लावला तरीही राहील. फक्त आता धोतर नेसणारे राहिले नाहीत. मागे घरातील एका बांगडीचा टाका निखळला म्हणून सराफांकडे गेलो होतो, तेव्हा सहज त्यांच्या काट्यावर हा फोन ठेवला. एकोणतीस ग्रॅम भरला. जुन्या मापाने जवळजवळ अडीच तोळे. सराफ जुने स्नेही. ते म्हणाले, "गुरुजी, घट किती धरू?"

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. राजांची वंशावळ फळ्यावर काढली की मुले जांभया देत. तेच दौतटाकाचा किंवा घड्याळाचा इतिहास सांगू लागलो की मागच्या बाकावरची मुले मान वर करीत. तेव्हा या अडीच तोळ्यांच्या वस्तूचीही वंशावळ पाहावी असे मनात आले. पाहता पाहता लक्षात आले की हिचा मूळपुरुष मणभर वजनाचा होता. मग जो प्रश्न पडला, तोच या लेखाचा विषय. मणाचा तोळा झाला हे खरे. पण बाकीचे वजन गेले कोठे?

मोटारीतला मण

१७ जून १९४६ रोजी अमेरिकेतील सेंट लुई शहरात, चालत्या मोटारीतून बोलता येईल अशी टेलिफोनसेवा सुरू झाली. तिच्या यंत्रसामग्रीचे वजन ८० पौंड होते. आपल्या कोष्टकाप्रमाणे मणाला शेरभर कमी. ती मोटारीत बसवीत आणि मोटारीच्याच विजेवर चालवीत. अशी यंत्रे शहरात पुष्कळ झाली तरी एका वेळी मोजक्याच मोटारींना बोलता येई. बाकीच्यांनी वाट मोकळी होईपर्यंत थांबायचे.

एवढे वजन का? एक तर तेव्हा यंत्रात काचेच्या निर्वात नळ्या असत. त्या तापत आणि वीज खात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. साऱ्या शहरासाठी एक मोठे प्रक्षेपणकेंद्र असे आणि मोटारीतील यंत्राला दूरवर आवाज पोचवावा लागे. गावात दवंडी पिटणारा एकच असेल, तर त्याला घसा फोडून ओरडावे लागते. तेच प्रत्येक आळीच्या तोंडाशी एक ऐकणारा उभा केला, तर कुजबुजले तरी भागते. आणि एका आळीतील कुजबूज दुसऱ्या आळीत जात नसल्यामुळे एकाच वेळी अनेकांना बोलता येते.

ही आळीची कल्पना १९४७ सालच्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग या अभियंत्याने एका टिपणात मांडली. शहराचे मधाच्या पोळ्यासारखे षट्कोनी भाग पाडावेत, प्रत्येक भागासाठी कमी शक्तीचे केंद्र ठेवावे आणि एकाच बिनतारी लहरींची वाट दूरच्या दुसऱ्या भागात पुन्हा वापरावी, असे त्याचे सार. पोळ्यातील घराला इंग्रजीत सेल म्हणतात, त्यावरूनच सेलफोन हा शब्द रूढ झाला. योगायोग असा की त्याच महिन्यात, त्याच संस्थेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. निर्वात नळीचे काम नखाएवढ्या तुकड्यात करणारी ती वस्तू. या शोधासाठी त्या दोघांना शॉक्लीबरोबर १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रिंगचे नाव मात्र अभियंत्यांबाहेर फारसे कोणी घेत नाही. माझ्या खिशातील फोनाचे आईबाप कोणते, असे कोणी विचारले तर मी या दोन गोष्टींकडे बोट दाखवीन. जन्म मात्र व्हायला आणखी पंचवीस वर्षे लागली.

शेरास सव्वाशेर

३ एप्रिल १९७३. न्यूयॉर्कच्या सिक्स्थ अॅव्हेन्यू या गजबजलेल्या रस्त्यावर मोटोरोला कंपनीचे अभियंते मार्टिन कूपर हातात विटेसारखी वस्तू घेऊन उभे होते. तिच्यावरून त्यांनी पहिला फोन लावला तो बेल प्रयोगशाळेतील जोएल एंजल यांना. म्हणजे थेट प्रतिस्पर्ध्याला! बेलचे लोक मोटारीतील फोनाचा विचार करीत होते. मोटोरोलाने मोटार वजा करून फोन माणसाच्या हाती दिला होता, आणि ती बातमी एंजल यांना त्याच फोनावरून कळली. त्या यंत्राचे वजन सुमारे १.१ किलोग्रॅम. मी हिशेब केला, तर ते सव्वाशेराला सहा तोळे कमी निघाले. आपल्या म्हणीला याहून चांगले उदाहरण मला तरी सापडले नाही.

कूपर यांची दृष्टी इतिहासात फार मोलाची आहे. तोवर फोनाचा क्रमांक हा जागेचा क्रमांक होता. आपण घराला, कचेरीला, दुकानाला फोन करीत होतो आणि तेथे आपले माणूस असेल अशी आशा करीत होतो. क्रमांक माणसाचा असावा, हा त्यांचा आग्रह. त्या पहिल्या यंत्राची बॅटरी अर्ध्या तासाच्या आत संपे. पण एवढे ओझे तितका वेळ कानाशी धरणार कोण, म्हणून ती अडचण नव्हतीच, असे कूपर यांनी पुढे गमतीने सांगितले आहे.

बाजारात यायला या फोनाला दहा वर्षे लागली. १९८३ मध्ये अमेरिकी सरकारने परवानगी दिली, तेव्हा त्याचे वजन ७९० ग्रॅमवर, म्हणजे शेराला बारा तोळे कमी इतके उतरले होते. किंमत होती ३,९९५ डॉलर. १९८९ मध्ये त्याच कंपनीने झाकणाचा फोन काढला, तो ३५० ग्रॅमचा, म्हणजे दीड पावशेर. जानेवारी १९९६ मध्ये पुस्तकासारखा मिटणारा 'स्टारटॅक' आला आणि त्याने ८८ ग्रॅम, म्हणजे दीड छटाक, एवढी मजल गाठली. सव्वाशेरापासून दीड छटाकापर्यंतचा हा प्रवास अवघ्या तेवीस वर्षांचा.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी विक्रीला काढली. थोड्या वजनात पुष्कळ वीज साठविणारी ही बॅटरी ज्यांच्या संशोधनातून आली, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दुसरी गोष्ट फिनलंडमधली. १ जुलै १९९१ रोजी तेथील माजी पंतप्रधान हॅरी होल्केरी यांनी जीएसएम या नव्या पद्धतीच्या जाळ्यावरून पहिला फोन केला. या पद्धतीत आवाजाचे आकडे होतात आणि ते तुटक तुटक धाडले जातात. एका वाटेवर आठ जण पाळीपाळीने बोलतात. पाळी इतकी झटपट येते की ऐकणाऱ्याला आवाज सलगच वाटतो. म्हणजे माझा फोन मी बोलत असताना आठातला एकच भाग वेळ प्रक्षेपण करतो आणि उरलेला वेळ गप्प राहतो. शिवाय टॉवर जवळ असेल तर तो फोनाला आवाज आणखी खाली आणायला सांगतो. मितभाषी माणसाला शक्ती कमी लागते, हे शरीरशास्त्र फोनालाही लागू पडले.

याच पद्धतीबरोबर सिमकार्ड आले. पहिली सिमकार्डे बँकेच्या कार्डाएवढी, म्हणजे सुमारे साडेआठ सेंटिमीटर लांब होती. माझा आजचा अख्खा फोन त्या कार्डाहून आखूड आहे. त्याच्या पोटात आज जे सिम बसते, ते करंगळीच्या नखाएवढे.

बोट, कान आणि तोंड

यंत्रे लहान करता येतात. माणूस करता येत नाही. फोन लहान करणाऱ्यांना शेवटी याच भिंतीला डोके टेकावे लागले.

पहिली अडचण कान आणि तोंड यांतील अंतराची. जुन्या काळ्या टेलिफोनाची मूठ त्या अंतराएवढी असे. त्याहून फोन आखूड केला तर कानाशी धरल्यावर बोलायचे भोक गालापाशी येते. मिटणारे फोन निघाले ते एवढ्यासाठीच. खिशात अर्धे आणि चेहऱ्याशी पूर्ण. पुढे ध्वनिग्राहक इतके तिखट कानाचे झाले की गालापाशी ठेवलेल्या फोनालाही तोंडचे बोलणे ऐकू जाऊ लागले. माझा फोन असाच गालाशी बोलतो. प्रथम प्रथम मी बोलताना तो तोंडापाशी आणि ऐकताना कानापाशी असा नाचवीत असे. नातीने ते पाहून घरभर नक्कल केली.

दुसरी अडचण बोटांची. बारा कळा किती लहान कराव्यात याला बोटाच्या पेराने मर्यादा घातली. माझ्या फोनावर पेर चालत नाही, नख वापरावे लागते. शनिवारी नखे काढली की रविवारी माझे फोन चुकीच्या जागी जातात.

अँटेनाची शेंडी तर १९९८ च्या सुमारास गेली. नोकिया कंपनीच्या त्या वर्षीच्या ८८१० या फोनाला ती बाहेर नव्हती. पुढल्याच वर्षी, ऑक्टोबर १९९९ मध्ये, त्या कंपनीने पॅरिस येथे ८२१० हा फोन दाखविला. वजन ७९ ग्रॅम, म्हणजे पावणेसात तोळे. तो गडद आणि उजळ रंगांत मिळे, आणि कपड्यांशी त्याचा मेळ घालण्याची टूम निघाली. फोन दागिन्यात जमा होण्याची ही सुरुवात. त्या दिवसांत ज्याचा फोन लहान, तो माणूस मोठा, असा हिशेब होता.

आमच्याकडे

आपल्या देशात भ्रमणध्वनीचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. ज्या शहरात जगदीशचंद्र बसूंनी त्याआधी सुमारे शंभर वर्षांपूर्वी बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखविली होती, त्याच शहरातून हा फोन गेला. मुंबईतही त्याच वर्षी सेवा सुरू झाली.

आरंभी बोलण्याचा दर मिनिटाला आठ रुपयांच्या वर होता, गर्दीच्या वेळी त्याच्या दुप्पट. आणि दुसऱ्याने केलेला फोन घेतला तरी पैसे आपलेच पडत. त्यामुळे क्रमांक पाहायचा, फोन कापायचा आणि पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर जाऊन उलट फोन करायचा, अशी चाल पडली. त्यातूनच 'मिस्ड कॉल' नावाची एक संपूर्ण भाषा जन्मली. एक घंटा म्हणजे पोचलो, दोन घंटा म्हणजे निघालो, तीन म्हणजे तूच फोन कर. आपल्या काटकसरी संसाराने एका परदेशी यंत्राला लावलेली ही शिस्त मला फार आवडते. मे २००३ मध्ये येणारा फोन फुकट झाला आणि हा खर्चाचा धाक बराच ओसरला.

त्याच वर्षी नोकियाचा ११०० नावाचा फोन निघाला. वजन दीड छटाक. धूळ जाऊ नये म्हणून कळांवर सलग आवरण आणि डोक्यावर विजेरी. जगभर हा फोन २५ कोटींहून अधिक विकला गेला. ती विजेरी काय कामाची, असे शहरातील लोकांना वाटे. ज्यांनी महाराष्ट्रातील खेड्यांत भारनियमनाची वर्षे काढली, त्यांना विचारावे. शेतीपंपाला वीज रात्री येई. उसाला पाणी द्यायला बांधावरून जाताना पायाखाली काय आहे ते त्या उजेडात दिसे. त्या विजेरीला साप दिसले, बाळंतीण अडली तेव्हा रस्ता दिसला, आणि मुलांच्या पाटीवरचे आकडेही दिसले. एवढ्याशा वस्तूने एवढे काम केले याची नोंद कोणत्या बखरीत होणार नाही, म्हणून येथे करून ठेवतो.

पुन्हा बाळसे

इथवर फोन उतरत आला. मग अचानक तो वाढू लागला. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे अॅपल कंपनीने आयफोन दाखविला. कळा नाहीत, सारा दर्शनी भाग काचेचा. काच साडेतीन इंचांची. २०११ मध्ये सॅमसंगने सव्वापाच इंचांहून थोडी मोठी काच आणली, तेव्हा लोक हसले. कानाशी पाट धरल्यासारखे दिसते म्हणाले. आज साडेसहा इंचांची काच कोणालाच मोठी वाटत नाही. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सतरा तोळे. पावणेसातवर आलेल्या फोनाने पुन्हा असे बाळसे धरले.

याचे कारण माझ्या मते असे. जोवर फोन कानाचा होता तोवर तो लहान होत गेला, कारण कानाला जागा लागत नाही. पहाटे शेजारच्या आळीतील भूपाळी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू येते. फोन डोळ्याचा झाला आणि त्याला जागा लागू लागली. डोळ्याला चित्र हवे, नकाशा हवा, वर्तमानपत्र हवे; त्याचे समाधान कधी होत नाही. आपण या वस्तूला दूरध्वनी आणि भ्रमणध्वनी ही नावे दिली, दोन्हींत ध्वनी आहे. आज ज्याला आपण भ्रमणध्वनी म्हणतो त्यात ध्वनीचा भाग किती उरला आहे, हे ज्याने त्याने घरी पाहावे. नाव टिकते आणि वस्तू बदलते, याची उदाहरणे इतिहासात पुष्कळ आहेत.

मोठ्या काचेच्या या काळातही लहान फोन करणारे वेडे होतेच. २०१३ मध्ये जपानात ३२ ग्रॅमच्या आसपासचा एक फोन निघाला, पिशवीला गोफासारखा अडकवायचा. २०१७ च्या डिसेंबरात ब्रिटनमधील एका कंपनीने 'झॅन्को टायनी टी-१' या फोनासाठी लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि पुढच्या वर्षी तो दिला. लांबी पावणेपाच सेंटिमीटरही नाही, वजन १३ ग्रॅम. तोळा आणि वर दीड मासा! नाजूक माणसाच्या प्रकृतीला आपण तोळामासा म्हणतो. येथे ते अक्षरशः खरे झाले. अशा फोनांची एक काळी बाजूही आहे. त्याच डिसेंबरात ब्रिटनचे न्यायमंत्री डेव्हिड लिडिंग्टन यांना अशा चिमुकल्या फोनांची विक्री थांबवा असे व्यापाऱ्यांना सांगावे लागले, कारण ते चोरून तुरुंगांत पोचत होते. ते कसे नेले जात, हे दिवाळी अंकात सांगण्याचे कारण नाही.

अडीच तोळ्यांचा संसार

आता थोडे माझ्या वापराविषयी. हा फोन मी पाच वर्षांपूर्वी बाजारात पाहिला तो खेळणे समजून. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, खरा आहे." घरात मोठे फोन दोन आहेत आणि मी त्यांचा शत्रू नव्हे. विजेचे बिल त्यांच्यावरून भरले जाते, परगावची नातवंडे त्यांवर दिसतात. पण बाहेर पडताना माझ्याबरोबर असतो तो धाकटा.

त्यावर फोन येतो, फोन करता येतो, एवढेच. संदेश येतात ते रोमन अक्षरांत वाचता येतात. मराठीत आले तर नुसते चौकोन दिसतात. गेल्या दिवाळीत मला आलेल्या शुभेच्छा अशा चौकोनी होत्या. मी प्रत्येकाला उलट फोन करून विचारले, "काय लिहिले होते?" त्या निमित्ताने दोन जुन्या विद्यार्थ्यांशी पंधरा-पंधरा मिनिटे बोलणे झाले. एक नोकरी सोडण्याच्या विचारात होता. ते शुभेच्छांत लिहिलेले नव्हते.

बॅटरी दोन दिवस जाते. क्रमांक शोधायला लहानशा पडद्यावर इतका वेळ लागतो की नेहमीचे वीस क्रमांक मला पुन्हा तोंडपाठ झाले आहेत. भाजीवाल्या बाईंना मी सुटे पैसे देतो. बटणांच्या फोनावरूनही पैसे देता यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये एक सोय सुरू केली. ती चांगली आहे, पण बाजारात तिचा वापर मी फारसा पाहिला नाही. मध्यंतरी एका कचेरीत काम होते. तेथील तरुण कारकून म्हणाला, "आजोबा, आधी अॅप घ्या, मग या." मी फोन दाखविला. त्याने तो हातात घेतला, हसला, शेजारच्याला दाखविला आणि मग म्हणाला, "याच्यावर होणार नाही." फोन त्याला आवडला होता, पण माझे काम त्या दिवशी झाले नाही.

मणाचा मालक

येथे आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. वजन गेले कोठे?

ते नाहीसे झाले नाही. टॉवर आळीत आला, म्हणून फोनाला ओरडण्याचे कारण उरले नाही. गच्च्यांवरचे मनोरे, त्यांखालच्या बॅटऱ्या, जमिनीतल्या तारा आणि दूर कोठेतरी अहोरात्र चालणारी यंत्रे, या सर्वांनी मिळून माझ्या वाटचा मण उचलला आहे. मी अडीच तोळ्यांचा मालक. मण दुसऱ्याच्या ताब्यात. म्हणून माझा फोन धडधाकट असला तरी त्याचे आयुष्य माझ्या हाती नाही.

जपानचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९९५ मध्ये पीएचएस नावाची सेवा सुरू झाली. तिची केंद्रे काहीशे मीटरांवर असत, त्यामुळे फोन फार थोड्या शक्तीवर चालत आणि चिमुकले करता येत. पिशवीला अडकवायचा तो फोन याच जाळ्यावरचा. जानेवारी २०२१ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी ती सेवा बंद झाली. त्या दिवशी कोणाचा फोन पडला नाही, फुटला नाही. सगळे एकदम मुके झाले. जीएसएमच्या जुन्या जाळ्याचीही, ज्याला टूजी म्हणतात, अनेक देशांत हीच गत झाली. कूपर यांच्या अमेरिकेत एका मोठ्या कंपनीने ते २०१७ च्या पहिल्या दिवशी बंद केले, सिंगापूरने त्याच वर्षी एप्रिलात. आपल्याकडे २०१६ मध्ये जी मोठी नवी सेवा आली, तिच्यात टूजी मुळातच नाही. दुसऱ्या काही कंपन्यांची जुनी जाळी चालू आहेत, म्हणून माझा फोन वाजतो.

जुने जावे आणि नवे यावे, हा नियम इतिहासाच्या शिक्षकाला कोणी सांगायला नको. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तेव्हा मी हळहळलो, पण तक्रार केली नाही. कारण तारेचे काम करणारे दुसरे काही तोवर घरोघर आले होते. येथे तसे झाले आहे काय? माझे सोडा; मला हौस आहे आणि घरात मोठा फोनही आहे. पण दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला बैलगाड्या आणि ट्रक निघतात. मागे घरी म्हातारी माणसे आणि कधी कधी मुले राहतात. पुढचे पाच-सहा महिने एकमेकांचा आवाज ऐकायचा तो बहुधा बटणांच्या फोनावर. अक्षरओळख नसलेली आजी त्यावर मुलाला फोन लावू शकते, कारण पाचाच्या कळेवर एक टिंब उठलेले असते आणि त्याच्या आधाराने बाकीचे आकडे बोटांना पाठ असतात. ज्याला दिसत नाही त्यालाही ते टिंब सापडते. गुळगुळीत काचेवर बोटाला धरायला असे काही नाही. काचेचे फोन बोलून मदत करतात, हे मला ठाऊक आहे. पण ती विद्या कोणीतरी शेजारी बसून शिकवावी लागते आणि फोनाचे पैसेही मोजावे लागतात.

नव्या जाळ्यावर चालणारे बटणांचे फोन निघाले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. ते स्वस्त आणि पुरेसे व्हावेत, आणि जुने जाळे मिटविण्यापूर्वी ते खेड्यापाड्यांत पोचावेत, एवढीच अपेक्षा. मण ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी तोळ्यांची मोजदाद ठेवली पाहिजे. कारण शेर आणि मण गेले तेव्हा सरकारने नवी वजने आधी आणली आणि मगच जुनी बंद केली. तेवढा शहाणपणा या देशाने एकदा दाखविला आहे.

तोवर ज्यांच्या घरी असा एखादा जुना, बारा कळांचा फोन कपाटात पडून असेल, त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत तो फेकू नये. विजेला लावून पाहावा. चालू झाला तर गावाकडे एखाद्या थोरल्या माणसाला त्यावरून हाक मारावी. चित्र दिसणार नाही. पण पलीकडून "कोण?" असे जे विचारले जाईल, त्यात ओळखण्याजोगे पुष्कळ असते.